डिसेंबरात तपासलेला प्रोसेसर

२०१३ सालच्या एप्रिल आणि मे महिन्यांत मी सलग पाच आठवडे विंडोजमधला एक दोष शोधत होतो, आणि तो दोष विंडोजमध्ये नव्हताच. त्या पाच आठवड्यांत मी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालण्याचा दोनदा खटाटोप केला, एक यूपीएस विकत घेतला, ग्राफिक्स कार्डाचे चार ड्रायव्हर बदलून पाहिले, अँटिव्हायरस काढून टाकला आणि घरी येणाऱ्या वायरमनशी उगाच वाद घातला. खरा दोष मी स्वतःच्या हाताने सोळा महिन्यांपूर्वी बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या, एका पानावर पेरून ठेवला होता, आणि तो इतका विसरलो होतो की संशयितांमध्ये त्याचे नावही नव्हते.

तो संगणक मी पुण्यात नोकरीला असताना, डिसेंबर २०११ मध्ये, सुटे भाग आणून जोडला होता. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ २५००के होता. तो त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आला होता आणि हौशी मंडळींत त्याचा मोठा बोलबाला होता, कारण नावाच्या शेवटी असलेल्या ‘के’चा अर्थ असा की त्याचा मल्टिप्लायर कंपनीने कुलूपबंद केलेला नाही. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे आणि त्याला ३३ ने गुणून मिळणारा वेग ३.३ गिगाहर्ट्झ, ही त्याची कागदोपत्री ओळख. मी ३३ च्या जागी ४५ लिहिले, व्होल्टेज १.३२ पर्यंत चढवले, रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे जादा वेगाची तयार सेटिंग, चालू करून तिला १६०० वर नेले आणि रात्री खिडकी उघडी ठेवून प्राइम९५ हा प्रोसेसरला सतत ताण देऊन चुका पकडणारा कार्यक्रम बारा तास चालवला. एकही चूक आली नाही आणि तापमान ६८ अंशांच्या वर गेले नाही. हे आकडे मी वहीत अभिमानाने लिहून ठेवले. खोलीचे तापमान मात्र लिहिले नाही, कारण ते लिहिण्यासारखे काही असते, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते.

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवण्याचे, वेड माझ्या पिढीला १९९८ च्या सेलेरॉन ३००ए पासून लागले. त्या स्वस्त प्रोसेसरची बस, म्हणजे मूळ घड्याळ, ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर ठेवली की त्यातले पुष्कळसे नग ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालत, आणि खिशाला चाट न लावता वेग दीडपट होई. यात फुकटचे काहीच नव्हते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. प्रोसेसर बनवणारी कंपनी त्यावर जो वेग छापते, तो त्या चिपला जेमतेम जमणारा वेग नसतो. ती चिप कमाल तापमानात, व्होल्टेज थोडे खाली घसरलेले असताना आणि काही वर्षे वापरून झिजल्यावरसुद्धा बिनचूक चालावी, यासाठी मध्ये जागा सोडून तो आकडा ठरवलेला असतो. ओव्हरक्लॉक करणारा माणूस ही सोडलेली जागा खातो, एवढेच.

आतला प्रकार पंगतीसारखा आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक वाढपी पानापुढून सरकतो, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी सर्वांत संथ वाढप्याचेही वाढून झालेले असावे लागते. नाहीतर कोणाच्या तरी पानात वरणाऐवजी आधीच्या खेपेचा रिकामा डाव पडतो. ३.३ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ०.३० नॅनोसेकंद मिळतात, ४.५ ला ०.२२. एवढ्या वेळात प्रकाशही साडेसहा सेंटिमीटरांच्या थोडाच पुढे जातो. वाढप्यांनी भराभर चालावे म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते, आणि खर्च होणारी वीज ही वेगाच्या प्रमाणात पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझ्या चिपचे मूळ व्होल्टेज १.२० च्या आसपास होते. म्हणजे ४५ भागिले ३३, गुणिले १.३२ भागिले १.२० चा वर्ग, असा साधा हिशेब केला तरी उष्णता १.६५ पट होते. चिप तापली की तिच्यातील वाढपी पुन्हा संथ होतात आणि गळतीची वीजही वाढते. व्होल्टेज वाढवून मिळवलेली सवड अशी उष्णता मागच्या दाराने परत घेऊन जाते.

मार्च २०१३ मध्ये मी नोकरी सोडून देवगडजवळच्या जामसंड्याला घरी आलो. आमचा धंदा हापूसचा, आणि त्या हंगामापासून बागेचा, पेट्यांचा आणि वाशीच्या बाजारातून येणाऱ्या विक्रीच्या पट्ट्यांचा हिशेब वहीऐवजी संगणकावर ठेवायचा, असे मी माझ्या मोठ्या काकांना, म्हणजे अण्णांना, मोठ्या मिनतवारीने पटवले होते. त्यासाठी एक छोटा कार्यक्रम मीच लिहिला होता. संगणक ठेवला माडीवरच्या खोलीत: वर कौले, खाली आढीत पिकत घातलेला आंबा, आणि दीड किलोमीटरवर समुद्र. एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत ३४ अंश तापमान आणि अंगाला चिकटणारी दमट हवा असे. मार्च निर्वेध गेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, पहिला निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्याची सूचना, आला.

कोकणात कोणतेही यंत्र बंद पडले की पहिला संशय विजेवर जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. त्यात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमध्ये मला लाल चिन्हासह एक नोंद दिसली: ‘कर्नल-पॉवर, ४१’. नावातच ‘पॉवर’ म्हटल्यावर मी निश्चिंत झालो, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासायला लावले आणि कणकवलीहून यूपीएस आणला. वास्तविक त्या ४१ क्रमांकाच्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. वीज गेल्यामुळे, निळ्या पडद्यामुळे की कोणी बटण दाबून धरल्यामुळे, हे ती सांगत नाही. शिवाय बऱ्या प्रतीचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) भिंतीतल्या विजेचे चढउतार बऱ्यापैकी पचवतो, प्रोसेसरपर्यंत पोहोचू देत नाही. यूपीएस आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, वीज अगदी ठणठणीत असताना, संगणक पुन्हा आडवा झाला. वायरमनची क्षमा मी बऱ्याच उशिरा मागितली.

यानंतर मी ड्रायव्हरांच्या मागे लागलो, आणि माझी दिशाभूल झाली ती अशी. निळ्या पडद्यावर दर वेळी काहीतरी कारण लिहिलेले असते आणि अनेकदा एखाद्या फाइलचे नावही असते. पहिल्या वेळी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे नाव आले, म्हणून तो बदलला. तीन दिवसांनी ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे आले. नंतर ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, आणि त्यात नाव अँटिव्हायरसच्या फाइलचे, म्हणून तो काढला. त्यानंतर डिस्कवरील फाइली सांभाळणाऱ्या एनटीएफएसच्या ड्रायव्हरचे नाव आले. प्रत्येक वेळी मी ज्याचे नाव आले त्याला शिक्षा केली आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरे गेल्यासारखे वाटले. त्यामुळे मी निरनिराळे उपाय लिहून ठेवत गेलो. सगळ्या कारणांची यादी एकत्र समोर ठेवून ती एकमेकांशी का जुळत नाहीत, हे मात्र स्वतःला विचारले नाही.

जुन्या लिनक्सवाल्यांना ही गोष्ट विंडोजच्या कोणत्याही जाणकारापेक्षा आधी ठाऊक होती. नव्वदच्या दशकात घरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करताना जीसीसी हा कंपाइलर मध्येच ‘सिग्नल ११’ ही मेमरीची चूक देऊन मरे. त्यावरची त्यांची कसोटी सोपी होती: तीच आज्ञा पुन्हा द्या. त्याच फाइलवर, त्याच ओळीवर पुन्हा थांबला तर दोष सॉफ्टवेअरचा. दुसऱ्याच कुठल्या फाइलवर थांबला, किंवा या खेपेला सुखरूप पार पडला, तर रॅम, प्रोसेसर किंवा त्यांची उष्णता पाहा. प्रोग्रामरने केलेली चूक जागची हलत नाही. तीच परिस्थिती आली की ती तिथेच भेटते. फिरतीवर असलेली चूक यंत्राची. अर्थात या कसोटीला अपवाद आहेत. एकाच कार्यक्रमात एकदम चालणाऱ्या दोन कामांच्या (धाग्यांच्या) शर्यतीतून निघणारी सॉफ्टवेअरची चूकही फिरती असते, आणि रॅममधील एखादा कायमचा मेलेला कण यंत्राचा असूनही जागा सोडत नाही. तरीही एकमेकांशी संबंध नसलेल्या चार ठिकाणी एकाच पंधरवड्यात चार वेगळे दोष उपटावेत, हा योगायोग मानायला मी तयार झालो होतो, याचे मला आज नवल वाटते.

मेच्या पहिल्या आठवड्यात विंडोज ७ नव्याने घालायला बसलो. ‘फाइली उलगडत आहे’ या टप्प्यावर ४० टक्क्यांच्या आसपास थांबून त्याने ८००७०५७० हा क्रमांक दाखवला, ज्याचा अर्थ आवश्यक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही. मी डीव्हीडीला ओरखडा पडला असेल असे समजून ती पुसली. दुसऱ्या खेपेला ६० च्या पुढे जाऊन तोच क्रमांक. तीच डीव्हीडी शेजारच्या भाच्याच्या लॅपटॉपवर पहिल्या खेपेत निर्वेध चालली. येथे तरी माझे डोळे उघडायला हवे होते, कारण या टप्प्यावर डिस्कवर अजून माझा एकही ड्रायव्हर, एकही अँटिव्हायरस, एकही जुनी सेटिंग नव्हती. जुन्या घरातले काहीच उरले नसताना घर गळत होते. घट्ट आवळून बांधलेल्या फाइली उलगडणे हे प्रोसेसर आणि रॅम या दोघांनाही घाम फोडणारे काम आहे, आणि शेवटी तपासणी-बेरीज जुळली नाही की उलगडणारा कार्यक्रम फाइललाच दोष देतो. आपण स्वतः ज्या यंत्रावर चाललो आहोत तेच चुकले, असे म्हणण्याची सोय त्याच्याकडे नसते. मी मात्र भाच्याच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्ह तयार केला आणि पहाटे पाचला, खोली गार असताना, विंडोज घातले. ते नीट बसले. पेन ड्राइव्हमुळे बसले, अशी माझी समजूत झाली.

अखेर ज्याने मला जागे केले तो निळा पडदा नव्हता. १५ मेच्या सुमारास अण्णा छापील पट्टीचा कागद हातात घेऊन माडीवर आले. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि एवढेच विचारले, ‘‘काय रे, मे महिन्यात पाच हजार दोनशेक पेटी कोण घेतलो?’’ वाशीहून आलेल्या मूळ पट्टीत दर १२०० होता आणि मी तो १२०० असाच भरला होता, हे त्याच दिवशी सकाळी काढलेल्या दुसऱ्या छापील प्रतीवरून उघड दिसत होते. दुपारी मी दुसऱ्याच कुठल्या तरी नोंदी भरल्या होत्या. पण माझा कार्यक्रम बाळबोध होता आणि जतन करताना संपूर्ण फाइल पुन्हा लिहून काढत असे. त्या फेरीत एका १ चा ५ झाला होता.

संगणकात इंग्रजी १ या अंकाचा सांकेतिक क्रमांक ४९ असतो आणि ५ चा ५३. द्विमान पद्धतीत लिहिले तर ००११०००१ आणि ००११०१०१. दोहोंत फरक एकाच बिटाचा आहे. माझ्या कार्यक्रमात चूक असती तर सबंध ओळ सरकली असती, रकाना बदलला असता, शून्य आले असते. एक बिट उलटा करण्याइतकी बारीक चूक मला हेतुपुरस्सरही लिहिता आली नसती. कागदाच्या पाठीवर हे दोन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण निळा पडदा येतो तेव्हा निदान तो आल्याचे कळते तरी.

त्या संध्याकाळी प्रथमच पद्धतशीर काम केले. दोन गिगाबाइटची एक झिप फाइल घेतली आणि सेव्हन-झिप या उलगडणाऱ्या कार्यक्रमाला ती नुसती तपासायला सांगितले, काही उलगडून लिहायला नाही. पहिल्या फेरीत एका छायाचित्रात सीआरसीची, म्हणजे तपासणी-बेरजेची, चूक. दुसऱ्या फेरीत ते छायाचित्र निर्दोष, दुसऱ्याच दोन फाइली चुकलेल्या. तिसऱ्या फेरीत सगळे ठीक. डिस्कवरील फाइल एकच, आणि उत्तरे तीन. मग विंडोजच्या मिनिडम्प फोल्डरमध्ये नव्या विंडोजवर साठलेल्या डम्प फाइली, म्हणजे कोसळतानाच्या स्थितीच्या नोंदी, विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने उघडल्या. हे काम मी आधीही करत असे, पण फक्त ‘बहुधा कारणीभूत’ या ओळीपुरते. आता पूर्ण वाचले. एका डम्पमध्ये मॉड्यूलच्या नावाच्या जागी चक्क ‘हार्डवेअर’ लिहिलेले होते आणि खाली ‘आयपी मिसअलाइन्ड’ असा शेरा होता. याचा अर्थ असा की प्रोसेसर ज्या पत्त्यावरून पुढची आज्ञा वाचत होता, तो पत्ता कोणत्याही आज्ञेच्या आरंभाचा नव्हता, एका आज्ञेच्या पोटातला होता. कोणताही प्रोग्राम सरळ मार्गाने तेथे पोहोचत नाही. वाटेत प्रोसेसरचा पाय घसरला तरच पोहोचतो. दुसऱ्या एका डम्पमध्ये रजिस्टरातला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यातला, पत्ता खऱ्या पत्त्यापेक्षा एका बिटाने वेगळा होता. १२०० आणि ५२०० यांच्यासारखाच.

बायोस उघडला. पान उघडताच ४५ हा आकडा दिसला आणि पुण्यातली ती थंड रात्र आठवली.

मल्टिप्लायर ३३ वर आणला, व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडले. निळे पडदे त्या दिवसापासून थांबले. मी अण्णांना प्रकरण मिटल्याचे सांगून मोकळा झालो, पण सवय लागली म्हणून रात्री झिपची तपासणी वीस वेळा चालवली आणि अकराव्या फेरीत पुन्हा एक सीआरसीची चूक आली. रॅम अजून १६०० वर होती. तिला मी ओव्हरक्लॉक समजतच नव्हतो. रॅमच्या खोक्यावरच १६०० छापले होते, आणि बायोसमध्ये एक्सएमपी ‘चालू’ करायचे तेवढे केले होते. परंतु या प्रोसेसरच्या पोटात जो मेमरी कंट्रोलर आहे, त्याला इंटेलने दिलेली मर्यादा डीडीआर३ १३३३ ची होती. खोका रॅमपुरते खरे सांगत होता. प्रोसेसरच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला नव्हता. १३३३ वर आणल्यानंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, झिप शंभर वेळा तपासली आणि एकही चूक आली नाही. म्हणजे दोष दोन होते आणि ते एकमेकांच्या आड लपले होते.

पावसाळ्यात हाताला काम नसते. जुलैत मी कॅबिनेट उघडून ही सगळी प्रक्रिया उलट्या दिशेने, एका वेळी एकच गोष्ट बदलून, पुन्हा केली, निव्वळ कुतूहलापोटी. हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि ओलसर हवा यांचा नमद्यासारखा थर बसला होता. पंख्याचे स्क्रू आणि कॅबिनेटची मागची कड खाऱ्या वाऱ्याने तांबारली होती. थर्मल पेस्ट वाळून कडेला सरकली होती. हे सगळे साफ केल्यावरही ४.५ गिगाहर्ट्झ स्थिर ठेवायला १.३२ पुरेना, १.३७ द्यावे लागले आणि तापमान ८५ च्या पलीकडे गेले. जुलैत हे, तर मे महिन्यात काय झाले असते? पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री ती खोली पंधरा-सोळा अंशांवर असणार, आणि जामसंड्याची माडी ३४ वर होती. हवा तापली तर हीटसिंक आणि चिपही जवळपास तेवढेच अंश वर सरकतात, त्यामुळे केवळ स्थळकाळाने माझी सगळी शिल्लक संपवली होती. धुळीने आणि वाळलेल्या पेस्टने वरचे कर्ज काढले.

आणखी एक बारकावा त्याच वेळी ध्यानात आला. डिसेंबर २०११ ची माझी बारा तासांची परीक्षा प्राइम९५ च्या २६ व्या आवृत्तीने घेतली होती. या प्रोसेसरमध्ये नव्याने आलेल्या एव्हीएक्स आज्ञा ती आवृत्ती वापरतच नसे. २७ व्या आवृत्तीपासून त्या वापरल्या जाऊ लागल्या, आणि त्यांनी चिप कितीतरी अधिक तापते. म्हणजे माझ्या प्रोसेसरचा एक अख्खा भाग त्या परीक्षेत बसलाच नव्हता. ‘बारा तास प्राइम स्थिर’ हे वाक्य ज्या खोलीत, ज्या ऋतूत आणि ज्या आवृत्तीने तपासले तेवढ्यापुरतेच खरे असते, आणि मी ते जन्मदाखल्यासारखे जपून ठेवले होते.

हौशी लोकांच्या या उद्योगाचा त्रास ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांना किती होतो, याचा अंदाज मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली दिला. सुमारे दहा लाख घरगुती संगणकांनी पाठवलेल्या क्रॅश-नोंदी त्यांनी तपासल्या. प्रोसेसरच्या चुकीमुळे कोसळण्याची शक्यता ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकांत एका कंपनीच्या बाबतीत सुमारे चौपट आणि दुसरीच्या बाबतीत जवळपास वीसपट आढळली. आणि एकदा यंत्रदोषाने कोसळलेला संगणक पुन्हा कोसळण्याचा संभव कितीतरी पटींनी वाढलेला दिसला. माझ्या पाच आठवड्यांतले अहवालही मी ‘पाठवा’ हे बटण दाबून इमानेइतबारे पाठवले होते. एनटीएफएसच्या ड्रायव्हरमध्ये नसलेली चूक शोधत कोणी तरी बसले असेल, तर त्याचे पाप माझ्या माथी.

अर्थात मर्यादा ओलांडण्याचा मोह केवळ हौशी लोकांनाच होतो असे नाही. २००० सालच्या उन्हाळ्यात इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ घाईने बाजारात आणला. परीक्षकांच्या हाती आलेल्या नगांवर लिनक्स कर्नलचे कंपाइल पूर्ण होईना, आणि ऑगस्टअखेर कंपनीला तो प्रोसेसर परत बोलवावा लागला. २०२४ मध्ये तिच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचे प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे काही महिन्यांत झिजत असल्याचे निष्पन्न झाले. त्याची सुरुवातीची लक्षणे पाहण्यासारखी होती: खेळ सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलायला निघत, वास्तविक चूक प्रोसेसरवर चाललेल्या उलगडण्याच्या कामात होत असे. कंपनीने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, सुधारला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्ससारख्या माणसालाही २०२२ च्या ऑक्टोबरात कर्नलच्या नव्या आवृत्तीचे काम ऐन भरात असताना स्वतःच्या संगणकावर कंपाइलर मधूनच कोसळताना दिसला. त्याने जुन्या कर्नलवर संगणक सुरू करून पाहिला, मग रात्रभर मेमटेस्ट चालवला आणि अडीच वर्षे नीट चाललेली रॅमची एक पट्टी खराब झाल्याचे ठरवले. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी सॉफ्टवेअर ओळखीच्या स्थितीत नेले, मग यंत्राला प्रश्न विचारला. मी दोन्ही गोष्टी पाच आठवडे पुढे ढकलल्या होत्या.

आता देवगड-जामसंड्यातील ओळखीचे लोक बिघडलेला संगणक घेऊन येतात तेव्हा मी ‘ओव्हरक्लॉक केला आहे का’ असे विचारत नाही, कारण उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते आणि ते प्रामाणिक असते. मुलाने एखाद्या व्हिडिओत पाहून ‘गेम मोड’ चालू केलेला असतो, दुकानदाराने संगणक वेगवान दिसावा म्हणून एक्सएमपी चालू करून दिलेले असते, किंवा मदरबोर्डच मुळात सर्व कोअर कमाल टर्बोवर ठेवण्याची सेटिंग घेऊन आलेला असतो. म्हणून मी बायोसमध्ये जाऊन सगळे मूळ स्थितीत आणतो, जुन्या सेटिंगचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवतो आणि त्यानंतरच विंडोजकडे वळतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पूर्वी मी ४१ पाहून थांबत असे. आता यंत्राच्या चुका टिपणाऱ्या ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी शोधतो. त्यातल्या १९ क्रमांकाच्या नोंदीचा अर्थ प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच सावरली, असा असतो. निळा पडदा येण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून त्या तेथे मुकाट्याने साठत असतात. सिस्टिम फाइल चेकर (विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारे साधन) किंवा विंडोजची फेरस्थापना मी त्यानंतरच करतो, कारण चुकणाऱ्या यंत्राकडून दुरुस्ती करून घेतली तर ती दुरुस्तीही चुकलेली निघण्याची भीती असते. आणि शक्य असेल तर हे सगळे मी दुपारी तीन वाजता करतो, पहाटे नाही.

तो २५००के अजून माडीवर आहे, ३.३ वर, आणि हंगामात पेट्यांवरची लेबले छापतो.

२०१३ मधले एक काम मात्र सांगायचे राहिले. ५२०० चा दर दुरुस्त केल्यावर अण्णांनी विचारले की बाकीच्या आकड्यांचे काय, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यामुळे मृगाच्या पहिल्या पावसात आम्ही दोघे दोन दिवस पडवीत बसलो. ते कागदी पट्ट्या वाचत आणि मी पडद्यावरची ओळ ताडून पाहत असे. पाच आठवड्यांच्या नोंदींत आणखी दोन चुका निघाल्या. एका ठिकाणी ४८ पेट्यांच्या जागी ८४ होते. ती माझ्या बोटांची चूक. दुसऱ्या ठिकाणी आंबा कोणत्या गावचा, या रकान्यात ‘कुणकेश्वर’ऐवजी ‘वुणकेश्वर’ असे होते. अण्णा म्हणाले, तुझा हात घसरला असेल. पण माझ्या कीबोर्डवर क आणि व यांच्या कळा एकमेकींपासून लांब आहेत. मी दोन्ही अक्षरांचे युनिकोड क्रमांक काढून पाहिले: क २३२५, व २३५७. फरक ३२ चा, म्हणजे पुन्हा नेमका एक बिट.